डॉमिंगेझ आजारी पडतो

ग्रॅहम ग्रीनच्या ‘द क्वाएट अमेरिकन’मध्ये डॉमिंगेझ नावाचा एक माणूस आहे. कादंबरी वाचलेल्यांनाही तो बहुधा आठवणार नाही. त्याच्या वाट्याला पिस्तूल नाही, प्रेमप्रकरण नाही, लक्षात राहावा असा एखादा संवाद नाही. व्हिएतनाममध्ये, सायगावात बसून लंडनच्या वर्तमानपत्राला तारा पाठवणारा टॉमस फाउलर हा कादंबरीचा नायक, आणि डॉमिंगेझ त्याचा मदतनीस. मूळचा भारतीय. 2002 साली आलेल्या सिनेमात तर त्याला काढूनच टाकलंय, त्याच्या जागी एक व्हिएतनामी मदतनीस आहे. कुणाचं काही अडलं नाही.

फाउलर त्याच्याबद्दल जरा सविस्तर बोलतो, ते तो आजारी पडल्यावर. हा माणूस अंथरुणाला खिळला आणि मग फाउलरच्या ध्यानात आलं की आपल्या गाडीत रोज पेट्रोल असायचं ते काही आपोआप येत नव्हतं. बातम्याही तशाच. कोण कुठल्या कॅफेत बसतो, कुठली अफवा नुसती अफवा आहे आणि कुठल्या अफवेला बूड आहे, हे डॉमिंगेझला कळायचं. स्वभावाने मऊ, नम्र आणि खऱ्याचा भोक्ता. लंडनहून ‘अमक्याने ही बातमी दिली, तुम्ही का नाही?’ अशी तार आली आणि ती बातमी खोटी आहे हे ठाऊक असलं, तर गप्प बसायचं बळ फाउलरला या माणसामुळे यायचं. तो कॅथलिक असावा असं फाउलर धरून चालतो. पुरावा काय, तर नाव आणि मूळ ठिकाण. एरवी तो कृष्णाची पूजा करत असता तरी आपल्याला पत्ता लागला नसता, अशी त्याचीच कबुली. इतकी वर्षं बरोबर काम केलेल्या माणसाबद्दल एवढीच माहिती.

मी सिंधुदुर्गातला. बांदा सोडलं, पत्रादेवीचा नाका ओलांडला की गोवा. त्यामुळे मी डॉमिंगेझला वाचताक्षणी गोव्यात नेऊन बसवला. खरं तर हे काही पक्कं नाही. शेवटी ‘झ’ येणारं हे आडनाव स्पॅनिश वळणाचं. पोर्तुगीज वळण असतं तर ‘स’ आला असता. शिवाय फ्रेंचांच्या अमलात सायगावला पाँडिचेरीचे तमीळ पुष्कळ होते, कुणी सरकारी नोकरीत, कुणी पोलिसात, तो त्यांतलाही असेल. पण मला तो गोव्याचाच हवा होता. त्याला कारण आमचे मास्टर. त्यांच्याकडे येतोच.

1991 च्या एप्रिलमध्ये ग्रीन वारला तेव्हा मी मुंबईत एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो, विदेश पानावर. टेलिप्रिंटरवर आलेल्या लांबलचक मजकुराची मी आठ सेंटिमीटर, एक कॉलम अशी बातमी केली होती. ‘विख्यात ब्रिटिश कादंबरीकार’ वगैरे. मी त्याचं एक अक्षर वाचलेलं नव्हतं. पुढच्या वर्षी फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर ‘द क्वाएट अमेरिकन’ची जुनी प्रत दिसली तेव्हा त्या आठ सेंटिमीटरांची लाज वाटून ती घेतली. रात्रपाळी संपायची दीडच्या सुमारास. शेवटची लोकल गेलेली, पहिलीला अवकाश. मधले अडीच तास टेबलावर रद्दीचा गठ्ठा उशाला घेऊन लोक झोपत. मी तीन रात्रींत कादंबरी संपवली. रहस्यकथा म्हणूनच वाचली, आणि तशी ती उत्तम आहे.

सुरुवातीलाच पाइल मेलेला आहे. हा तो ‘शांत’ अमेरिकन. बोस्टनचा, तरुण, सभ्य, आर्थिक मदत मोहिमेतला अधिकारी. दकाव पुलाखालच्या चिखलात त्याचं प्रेत सापडलंय. फ्रेंच पोलिसांचा व्हिगो नावाचा इन्स्पेक्टर फाउलरला बोलावून घेतो. हा फावल्या वेळात पास्कल हा फ्रेंच तत्त्वज्ञ वाचणारा पोलीस. पाइलने फाउलरची मैत्रीण फुओंग पळवली होती, म्हणजे कारण तयारच आहे. मग गोष्ट मागे जाते. कुणा यॉर्क हार्डिंगची पुस्तकं वाचून आलेला हा पोरगा व्हिएतनाममध्ये ‘तिसरी शक्ती’ शोधतोय, फ्रेंचही नको आणि कम्युनिस्टही नकोत अशी. ती त्याला जनरल थे या बंडखोर सेनापतीत सापडते. त्याच्यासाठी प्लास्टिकच्या नावाखाली स्फोटकं येतात. आणि एका सकाळी भर चौकात बॉम्ब फुटतो.

त्या रात्री सगळ्यात जास्त आवडला होता तो पाइलच्या कुत्र्याचा तपशील. फाउलर राहतो त्या इमारतीत खालच्या मजल्यावर सिमेंटचं काम चाललेलं आहे. पाइलचा काळा कुत्रा ओल्या सिमेंटवरून चालत गेलाय आणि त्याच्या बोटांच्या बेचक्यांत ते वाळून बसलंय. व्हिगोला त्यावरून कळतं की मरायच्या आधी पाइल इथे येऊन गेला. फाउलरने मात्र ते सांगितलेलं नाही. वा, म्हणालो होतो मी.

फाउलरचा गुन्हा सांगितला तरी कादंबरीचं काही बिघडत नाही, म्हणून सांगतो. तो खून करत नाही. कम्युनिस्टांच्या हेंग नावाच्या माणसाने त्याला एवढंच सांगितलंय की पाइल जेवायला येणार असेल तर संध्याकाळी पुस्तक घेऊन खिडकीशी जा आणि उजेडाकडे धर. फाउलर खिडकीशी जातो, पुस्तक उघडतो. बस. बाकीचं बाहेरचे लोक बघून घेतात. आणि हा तो माणूस, जो पानोपानी सांगत असतो की मी कुणाच्या बाजूचा नाही, मी फक्त पाहिलेलं लिहितो, मत देणं हीसुद्धा एक प्रकारची कृतीच आणि ती मी करत नाही. बाकीचे स्वतःला करस्पाँडंट म्हणवून घेतात, आपल्याला रिपोर्टर म्हटलेलं बरं वाटतं, असाही त्याचा एक बाणा आहे.

आमच्याकडे हा फरक होताच. ‘विशेष प्रतिनिधी’ आणि नुसता ‘वार्ताहर’. तिसरा शब्द बातमीदार, तो मला जास्त आवडतो, कारण त्याच्या पोटात अजून काही आहे. जुन्या मराठीत बातमी म्हणजे शत्रूच्या गोटातली खबर, आणि बातमीदार म्हणजे ती काढून आणणारा, सरळ सांगायचं तर हेर. छापखाने आले, वर्तमानपत्रं आली आणि हेराचा पत्रकार झाला. शब्द तोच राहिला.

सायगावात तर हे अक्षरशः घडलं. फाम झुआन आन हा व्हिएतनामी पत्रकार आधी रॉयटर्सकडे आणि मग ‘टाइम’कडे होता. 1975 मध्ये युद्ध संपेपर्यंत अमेरिकन पत्रकारांत त्याच्याइतका जाणता, भरवशाचा माणूस नाही असं मानलं जायचं. कॉन्टिनेन्टल हॉटेलच्या समोरच्या जिव्हराल कॅफेत तो बसायचा आणि सगळं शहर त्याच्या टेबलावर येऊन बोलून जायचं. नंतर कळलं की तो सुरुवातीपासून उत्तर व्हिएतनामचा हेर होता. पुढे त्याला सेनापतीचा हुद्दा मिळाला. 2006 मध्ये तो गेला. 1970 मध्ये कंबोडियात पकडल्या गेलेल्या एका अमेरिकन बातमीदाराला त्याने आपलं वजन वापरून सोडवलं होतं, आणि सायगाव पडताना दक्षिणेच्या हेरखात्याच्या जुन्या प्रमुखाला शेवटच्या क्षणी शहराबाहेर पडायला मदत केली होती. म्हणजे शत्रूलाच. अमेरिकन सहकाऱ्यांपैकी बरेच जण सत्य कळल्यावरही त्याचे मित्र राहिले. ग्रीनने हे पात्र लिहिलं असतं तर समीक्षक म्हणाले असते, जरा अतिच झालं.

ग्रीन स्वतः 1951 ते 1955 या काळात पुन्हा पुन्हा व्हिएतनामला जात होता, इंग्रजी-फ्रेंच वर्तमानपत्रांसाठी लिहीत होता. कादंबरीच्या शेवटी तारीख छापलेली आहे : मार्च 1952 ते जून 1955. म्हणजे दिएन बिएन फूला फ्रेंचांचा निर्णायक पराभव होण्याच्या दोन वर्षं आधी सुरुवात आणि फ्रेंचांचं युद्ध संपवणाऱ्या जिनिव्हा करारानंतर वर्षभराने शेवट. अमेरिकन सैन्य मोठ्या प्रमाणावर उतरायला अजून दहा वर्षं होती. ग्रीन द्रष्टा होता असं यावरून म्हणायची पद्धत आहे. मला वाटतं तो नुसता तिथे होता, आणि डोळे उघडे ठेवून होता.

याचा पुरावा फात दिएमच्या प्रकरणात मिळतो. उत्तरेतलं हे कॅथलिक गाव, मोठ्या चर्चचं. फ्रेंचांशी लढणाऱ्या कम्युनिस्टांच्या व्हिएतमिन्हने त्यावर हल्ला केलाय, फाउलर फ्रेंच तुकडीबरोबर पुढे जातो. वाटेत कालवा लागतो आणि कालवा प्रेतांनी भरलेला आहे. एकावर एक, कुणाचं काय हे कळू नये असा. सैनिक नजर दुसरीकडे वळवतात, कुणी काही बोलत नाही, होडी शोधतात आणि पलीकडे जातात. मग दोन गोळ्या झाडल्या जातात. जाऊन बघतात तर एका चरात एक बाई आणि तिला बिलगलेलं लहान पोर, दोघं मेलेली. आतषबाजी नाही, शौर्य नाही, कोण जिंकलं तेही नाही. हे सगळं पाहिल्यावर यातलं कितपत सेन्सॉरमधून पार होईल, तर जवळजवळ काहीच नाही.

पुढे हनोईतली पत्रकार परिषद येते. फ्रेंच कर्नल नकाशासमोर उभा आहे, दुभाषी त्याचं बोलणं इंग्रजीत आणतोय. ग्रेंजर हा दांडगा अमेरिकन पत्रकार डिवचून डिवचून विचारतो, शत्रूची माणसं मोजलीत, मग तुमची किती मेली? कर्नल चिडतो आणि चिडून खरं बोलून जातो. मग सांगितलं जातं की हे छापायचं नाही. छापायचंच तर हाँगकाँगहून तार करावी लागेल, आणि मग पुढच्या वेळी इथे यायला मिळणार नाही. माझ्या माहितीत पत्रकार परिषदेचं इतकं खरं वर्णन दुसरं नाही. आमच्याकडे फक्त चहा आणि वेफर्स जास्त असतात.

गेल्या वर्षीच्या सुरुवातीला आम्ही दोघं व्हिएतनामला जाऊन आलो. हल्ली सगळेच जातात. सकाळी पोहे, रात्री वरणभात देणारी टूर. आमच्या गटातल्या काकू कू चीच्या, युद्धात व्हिएतनामी लढवय्ये लपायचे त्या भुयारातून बाहेर येताना गुडघा धरून म्हणाल्या, ‘यांनी अमेरिकेला हरवलं यात मला आता काही आश्चर्य वाटत नाही.’ एक दुपार मोकळी होती, ती मी राखून ठेवलेली. तेव्हाचा ऱ्यू कातिना म्हणजे आताचा डोंग खोई. ऑपेरा हाउस तसंच आहे, शेजारी कॉन्टिनेन्टल. ग्रीनचा ‘प्लास गार्निए’ म्हणजे हाच चौक, आताचं नाव लाम सन. खाली मेट्रोचं नवंकोरं स्टेशन. जुनं जिव्हराल आता नाही, त्या जागी मोठी चकचकीत इमारत आहे. फुटपाथवर एकजण पुस्तकांची चळत छातीशी धरून फिरत होता, त्यात सगळ्यात वर हेच पुस्तक. मुखपृष्ठ झकास, आतली पानं झेरॉक्स केलेली. घासाघीस करून घेतलं. हॉटेलवर आल्यावर पाहिलं तर एका पानाच्या कडेला झेरॉक्स काढणाऱ्याचा अंगठा आलेला होता. काळा, रेषा नसलेला अंगठा.

बॉम्ब खराच फुटला होता. 9 जानेवारी 1952, सायगाव, गाड्यांमध्ये ठेवलेले. अमेरिकन वर्तमानपत्रांत सुरुवातीला कम्युनिस्टांचं नाव आलं. ‘लाइफ’ साप्ताहिकाने स्फोटानंतरचा फोटो छापला. जबाबदारी घेतली ती मात्र ट्रिन्ह मिन्ह थे या फ्रेंचांविरुद्ध आणि कम्युनिस्टांविरुद्धही उठलेल्या सेनापतीने. कादंबरीतला जनरल थे तो हाच, ग्रीनने नावसुद्धा बदललेलं नाही. त्याच्यामागे अमेरिकन हात होता असा ग्रीनचा आयुष्यभर संशय होता. तो सिद्ध झालेला नाही, हेही सांगायला हवं. कादंबरीत संशयाची खात्री करता येते, बातमीत येत नाही.

ग्रीनने या स्फोटाचं काय केलं ते पाहा. फाउलर मिल्क बारमध्ये बसलाय. शेजारच्या टेबलावर दोन अमेरिकन मुली आइस्क्रीम खातायत. अकरा पंचवीसच्या आत उठायचं असं त्यांना कुणीतरी सांगितलंय, का ते त्यांना ठाऊक नाही. त्या उठून जातात. मग आरसे फुटतात. बाहेर एक बाई जमिनीवर बसलीये, मांडीवर तिच्या मुलाचं जे काही उरलं ते, आणि तिने त्यावर आपली गवती टोपी झाकलीये. पाइल येतो, बुटाला काहीतरी ओलं लागलं म्हणून बघतो. त्या दिवशी संचलन व्हायचं होतं, ते रद्द झालं, आणि ते आपल्याला कुणी कळवलं नाही, हे त्याचं म्हणणं. संचलन असतं तर सैनिक मेले असते, म्हणजे चाललं असतं. वाईट वाटतंय त्याला, मनापासून. पण बूट पुसल्याशिवाय मंत्र्यांना भेटायला कसं जायचं, अशा जातीचं ते वाईट वाटणं आहे.

1992 मध्ये मी इथे थांबून टेबलावर उठून बसलो होतो. पण त्यात डॉमिंगेझ कुठे होता? होता. हेंगपर्यंत जाणारा धागा त्यानेच फाउलरच्या हातात दिलेला. आजारी असताना.

आता मास्टर. आमच्या टेलिप्रिंटरच्या खोलीत ते बसत. बार्देशातले, चर्चच्या शाळेत व्हायोलिन शिकलेले, तरुणपणी लग्नांच्या बँडमध्ये वाजवलेलं, म्हणून मास्टर. धोबीतलावच्या गोवेकरांच्या कुडात, म्हणजे गाववाल्यांच्या सामायिक वसतिघरात, कित्येक वर्षं राहिले, पेटी-बिछाना एवढ्यावर. काम म्हणाल तर रीळ संपलं की बदलायचं, कागद अडकला की सोडवायचा, टेक, म्हणजे यंत्रावर आलेल्या मजकुराचे तुकडे, फाडून त्या त्या टेबलावर नेऊन ठेवायचे. फ्लॅश, म्हणजे तातडीची बातमी, आला की यंत्र घंटा वाजवायचं आणि मास्टर कागद हातात धरूनच धावत यायचे. पण टेक टेबलावर यायचा तो त्यांनी वाचलेला असायचा. निळ्या पेन्सिलीने एक शब्द अधोरेखित. ‘अधिकाऱ्यांनी सांगितले’ हा, किंवा ‘प्रत्यक्षदर्शींच्या म्हणण्यानुसार’ हा. बातमीत जे सांगितलंय त्याला ते कधी हात लावत नसत, कोणी सांगितलंय तेवढ्यावर रेघ. आम्ही नवे उपसंपादक गडबडीत तेवढाच भाग उडवायचो, कारण जागा कमी आणि वाक्य लांब. मग मास्टर गॅलीचा, म्हणजे कच्च्या छपाईचा, कागद घेऊन यायचे आणि हळू आवाजात विचारायचे, ‘कोण सांगता?’ कोकणीत. मला मालवणीमुळे ते लगेच भिडायचं. बाकीचे हसायचे. ऑफिसात ती एक गंमतच झाली होती. ‘असे समजते’ असं कुणी लिहिलं की दुसरा ओरडायचा, ‘समजते म्हणजे कुणाला समजते? कोण सांगता?’

मराठीत या बाबतीत फार सोय आहे. आपल्याकडे दंगल उसळते, चकमक उडते, गोळीबार होतो, गोळी लागते, स्फोट होतो, तणाव निर्माण होतो. कोणी काही करतच नाही. पाऊस पडावा तसं सगळं पडतं, उडतं, होतं. उलट ज्याच्यावर राग असेल त्याच्यासाठी वेगळे शब्द काढून ठेवलेले. तो ठार होत नाही, त्याला कंठस्नान घातलं जातं, त्याचा खातमा होतो. 1999 च्या उन्हाळ्यात, कारगिलच्या वेळी, मी यातले किती शब्द वापरले असतील याची मोजदाद नाही. तेव्हा कुणी कडेला निळी रेघ मारणारं नव्हतं. मास्टर 1996 मध्ये निवृत्त होऊन गावी गेले होते, आणि टेलिप्रिंटरच्या खोलीत आता कॉम्प्युटर आणि एसी होता.

मार्च 2007 मध्ये तालिबानने अफगाणिस्तानात एका इटालियन पत्रकाराला धरलं. बरोबर त्याचा अफगाण दुभाषी अजमल नक्शबंदी आणि ड्रायव्हर. ड्रायव्हरला मारलं. पाच तालिबानी कैद्यांच्या बदल्यात इटालियन सुटला. एप्रिलमध्ये नक्शबंदीलाही मारलं. आमच्या पानावर ‘इटालियन पत्रकाराची सुटका’ ही बातमी तीन कॉलम गेली होती, फोटोसकट. नक्शबंदीची संक्षिप्तमध्ये. मीच लावलेलं पान. 2009 मध्ये ब्रिटिश कमांडोंनी कुंदुझजवळ छापा घालून ‘न्यू यॉर्क टाइम्स’च्या बातमीदाराला सोडवलं, त्यात त्याचा अफगाण सहकारी सुलतान मुनादी मारला गेला. यावेळी मात्र मी मथळ्यात मुनादीचं नाव घेतलं आणि वृत्तसंपादकांनी ते काढलं. कोण मुनादी, लोकांना काय कळणार, असं त्यांचं म्हणणं. वाचक म्हणून विचार केला तर ते चूक नव्हते. अशा माणसाला हल्ली फिक्सर म्हणतात. मला तो शब्द आवडत नाही, नळ दुरुस्त करायला आल्यासारखा वाटतो. गाडीत पेट्रोल भरणारा म्हटलेलं परवडेल.

माझी स्वतःची खिडकी मात्र त्याआधीची. 26 मार्च 2003. अमेरिकेने इराकवर हल्ला करून आठवडा होत आलेला. बगदादमधल्या शाब भागातल्या बाजारावर काहीतरी येऊन पडलं. संध्याकाळपासून टेक येत होते. इराकी अधिकारी म्हणत होते, अमेरिकेचं क्षेपणास्त्र, किमान 14 नागरिक ठार. पेंटागॉन म्हणत होतं, आम्ही तिथे काही लक्ष्य केलेलं नव्हतं, इराकींचंच क्षेपणास्त्र चुकून पडलं असेल. रस्त्यावरच्या चिखलाचे, जळलेल्या गाड्यांचे फोटो. बाहेरगावी जाणाऱ्या डाक आवृत्तीला अर्धा तास. पानावर दोन कॉलम होते. मी मथळा दिला : ‘बगदादच्या बाजारात स्फोट, 14 ठार’. आत दोन्ही बाजू होत्या, खाली, तिसऱ्या परिच्छेदात. जागेअभावी शहर आवृत्तीत तो परिच्छेद गेला. दुसऱ्या दिवशी बैठकीत माझ्या मथळ्याचं कौतुक झालं. इतरांसारखा भडक नाही, संयमित. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. आपण कुणाची बाजू घेतली नाही.

आठ-दहा दिवसांनी पाकीट आलं. म्हापशाचा शिक्का. आत आमच्या अंकाचं कात्रण. मास्टर निवृत्तीनंतरही टपालाने अंक मागवत, मराठी अडखळत का होईना वाचत. ‘स्फोट’ या शब्दाभोवती निळं वर्तुळ होतं. बाजूला रोमी लिपीत दोन शब्द. कोणते, ते तुम्हाला कळलंच असेल.

मला राग आला. त्या रात्री कोणालाच काही नक्की ठाऊक नव्हतं, मी काय करायला हवं होतं? अमेरिकेने केला म्हणून ठोकून द्यायचं? मी तावातावाने दोन पानी उत्तर लिहिलं. दोन कॉलमात मोठ्या टायपात किती अक्षरं बसतात तेही लिहिलं. पाठवलं. त्यांचं उत्तर आलं नाही. पुढे कधीतरी गणपतीला गावी गेलो असताना सावंतवाडीच्या स्टँडवर त्यांचा भाचा भेटला, त्याच्याकडून कळलं की मास्टर मेमध्येच गेले.

फाउलरच्या गोष्टीचा शेवट असा आहे की त्याला सगळं मिळतं. बायको घटस्फोटाला तयार झाल्याची तार येते, फुओंग परत येते. आणि ज्याला आपण सॉरी म्हणू शकू असा कोणीतरी असायला हवा होता, एवढंच त्याच्या मनात राहतं. 1992 मध्ये मला हा शेवट जरा नाटकी वाटला होता. आता सायगावच्या हॉटेलात, त्या झेरॉक्स प्रतीत तो पुन्हा वाचला. बायको बॅगा भरत होती, सकाळी सहाला लॉबीत जमायचं होतं.

मास्टर काय विचारत होते ते मला तिथे कळलं. बॉम्ब कोणाचा, हा त्यांचा प्रश्न नव्हताच. तो त्यांनी कधीच विचारला नाही, रेघ नेहमी सांगणाऱ्याखाली. मी पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर पेनने मथळा लिहून पाहिला. ‘बाजारातील बॉम्ब अमेरिकेचा : इराक’. दोन कॉलमात बसेल. पण मग पेंटागॉनचं म्हणणं पुढच्या ओळीत घ्यायला हवं, आणि 14 कुठे जाणार? ‘14 ठार, इराक म्हणतो अमेरिका, अमेरिका म्हणते’ इथवर आलो आणि ओळ संपली. अक्षरं मोजली. पुन्हा लिहिलं. बायको म्हणाली, दिवा घालव आता, पहाटे उठायचंय.